समुद्रकाठची पायवाट आणि घरची तयारी

मराठवाड्याच्या माणसाला चालणे शिकवण्याची गरज नाही. आषाढ जवळ आला की आपल्या गावागावांतून दिंड्या निघतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई करीत आपल्याच शिवारांतून पंढरीकडे जाते. पैठणहून नाथांची पालखी निघते. साठी-सत्तरीची माणसे डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पाच-सहा कोस सहज तोडतात. तेव्हा लांब पल्ल्याच्या पायी प्रवासाची तयारी हा विषय घेऊन मी बोलायला बसलो, तर कोणी म्हणेल, “हे मास्तर वारकऱ्याला काय वाट सांगणार?” शंका रास्त आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दिंडीत चालणाऱ्याची तयारी त्याच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी करून ठेवलेली असते. मुक्काम ठरलेला, पाण्याची जागा ठरलेली, कोणत्या गावात भाकरी-पिठले मिळायचे तेही ठरलेले. पुढे विणेकरी, मागे सामानाची गाडी आणि सर्वांवर चोपदाराची नजर. आपण फक्त पाय उचलायचे. अनोळखी वाटेवर मात्र आपल्यासाठी असे कोणी काही करून ठेवलेले नसते. ते सारे घरी बसून आपल्यालाच करावे लागते. आणि ती वाट समुद्राच्या काठची असली, मधूनमधून रानातली, कड्यावरची असली, तर आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला फारच सावध राहावे लागते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. चुकलो, तेव्हा शिकलो.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. चंद्र, पृथ्वी आणि दोन बाजूंना फुगलेले पाणी ही भरती-ओहोटीची आकृती मी कितीतरी वर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. काही वर्षांपूर्वी मनात आले, की ज्या मुलांनी समुद्र फक्त नकाशात निळा पाहिला, त्यांना तो पायी दाखवावा. आपल्या राज्याला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असे शाळेत पाठ केलेले. त्यातला आठवडाभराचा तुकडा चालून पाहू. बारा मुले तयार झाली. मी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजले, दिवसांनी भागले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली पौर्णिमा होती, दत्तजयंती. मुक्कामाच्या घरी निवांत पोहे खाऊन आम्ही सकाळी नऊला वाळूतून चालू लागलो. दोन गावांच्या मध्ये एक खडकाळ भूशिर होते. नकाशात ते नखाएवढे दिसत होते. वाळू संपली, खडक लागले, आणि साडेदहाच्या सुमारास माझ्या लक्षात आले की ज्या खडकांवरून आपण आलो ते मागे दिसत नाहीत. पुढेही पाणी. डाव्या हाताला उभा कडा, करवंदाच्या जाळ्यांनी भरलेला. दुसरा मार्गच नव्हता. मुलांना त्या कड्यावर चढवले. हात सोलले, कपडे फाटले, ते चालायचेच. पण एका मुलाचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड तडकले.

वर सड्यावर एक वयस्क कोळी गृहस्थ भेटले. त्यांनी मुलाला आधार देऊन रस्त्यापर्यंत आणले. वाटेत त्यांनी मला विचारले, “आज तिथी कोणती?” मी म्हणालो, “पौर्णिमा.” ते म्हणाले, “मग? तुमच्याकडे पंचांग उपासापुरतंच बघतात काय?”

श्रोते हो, भूगोलाचा एम्. ए. झालेला मी! माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मुलगा औसा तालुक्यातला. घरी तुरीच्या काढणीचे दिवस, आणि हाताशी आलेला मुलगा सहा आठवडे प्लास्टरमध्ये. मी त्याला घरी पोचवायला गेलो तेव्हा वडील रागावले नाहीत. चहा दिला. मग हळूच म्हणाले, “सर, आम्ही काई समिंदर बगितला न्हाई. पर तुमी तर बगितला व्हता ना?” एवढेच. दुसऱ्याचे मूल आपण सोबत नेतो तेव्हा काय पत्करतो, हे त्या एका वाक्याने मला कळले. शिक्षक बंधुभगिनींनो, आजचे हे भाषण मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

आता तयारी कशी करावी ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ऋतू आणि तिथी. किनाऱ्याने चालायचे ते कार्तिक संपल्यापासून माघापर्यंत. त्याआधी ऑक्टोबरचा उकाडा असतो, आणि फाल्गुनानंतर दमट हवेत घाम वाळत नाही. आपले ऊन कडक, पण कोरडे. सावलीत बसले की जीव थंड होतो. कोकणात सावलीतही घाम निथळत राहतो. पावसाळ्यात तर या वाटेचे नाव काढू नये.

या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या उदगीरच्या शेजारचे बीदर ही पंधराव्या शतकात बहामनी राज्याची राजधानी होती, आणि कोकणातले दाभोळ हे त्या राज्याचे मोठे बंदर. अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी सुमारे १४६९ साली चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला, आणि पावसाने अडकून त्याला तिथे तळ ठोकावा लागला. पुढे तो बीदरला पोचला आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. म्हणजे आपला मुलूख आणि तो किनारा यांना जोडणारी वाट पाचशे वर्षांहून जुनी आहे. आणि पावसाळ्यात थांबावे, हा धडाही तितकाच जुना.

ऋतू ठरला की तिथी पाहायची. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे २४ तास ५० मिनिटांचे. त्यात दोन भरत्या, दोन ओहोट्या. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. यावरून कोळी लोकांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. दुपारी तीनला आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून याच रीतीने मोजायचे.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. पौर्णिमेला सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. आणि मी मुलांना घेऊन नऊला खडकात शिरलो! पहाटे उजाडता उजाडता निघालो असतो तर तेच भूशिर कोरड्या पायांनी ओलांडले असते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार वर चढते, त्याला उधाण म्हणतात. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो; दक्षिणेकडे तो कमी होत जातो. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत थोडा असतो, त्याला भांग म्हणतात. तेव्हा पायी जाणाऱ्याने पंचमी ते एकादशी हे सात दिवस धरावेत. पंचमीला ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास येते, अष्टमीला दुपारी बाराला, एकादशीला सव्वादोनला. चालण्याच्या वेळेला पाणी उतरलेले, आणि पाण्याचा जोरही बेताचा. मात्र एक सांभाळा. भांगाच्या दिवसांत पाणी फार वर येत नाही, तसे फार मागेही हटत नाही. त्यामुळे काही भूशिरे त्या दिवसांत खालून ओलांडताच येत नाहीत. तिथे वरची वाट धरावी.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे हे विसरू नका. नेमकी वेळ बंदरागणिक बदलते; त्यासाठी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. आणि निघण्यापूर्वी समुद्र खवळण्याचा इशारा आहे का तेही पाहावे. हा इशारा कोण देते ठाऊक आहे? आपल्या जवळच्या हैदराबादची एक सरकारी संस्था, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. समुद्र नसलेल्या हैदराबादेत बसून समुद्राची खबर ठेवता येते, तर लातूर-नांदेडला बसून आपल्यालाही ठेवता येईल.

दुसरी गोष्ट, वाटेचा तुकडा. सारा किनारा एका दमात चालण्याचा हव्यास नको. दुसऱ्या खेपेस आम्ही वेळास ते गुहागर एवढाच पट्टा घेतला. वेळास हे नाना फडणविसांचे गाव; हल्ली ते समुद्री कासवांच्या पिल्लांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून केळशी, आंजर्ले, मुरूड, लाडघर, कोळथरे आणि दाभोळ असे सहा मुक्काम करून खाडीपलीकडे गुहागर. रोजचा पल्ला दहा ते पंधरा किलोमीटर. हे ऐकून वारकरी हसतील. पण कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कठीण रस्त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते, असे मोजमाप झालेले आहे. शिवाय चढ-उतार, खडक आणि होडीसाठी थांबण्याचा वेळ निराळा.

पोचायचे कसे? नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला थेट रेल्वे आहे. पनवेलहून कोकण रेल्वेने खेड, आणि खेडहून दापोलीकडे एस. टी. पोचण्याचा दिवस आणि परतीचा दिवस चालण्याच्या हिशेबात धरू नयेत. रात्रभर गाडीत बसून आलेल्या मुलाला सकाळी लगेच चालवणे बरे नव्हे.

तिसरी गोष्ट, खाड्या. आपल्याकडे मांजरा किंवा मन्याड ओलांडायची तर उन्हाळ्यात पायी, नाहीतर पुलावरून. कोकणात नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचे खारे पाणी कित्येक कोस आत शिरते, ती खाडी. नकाशावर पलीकडचे गाव बोटभर अंतरावर दिसते, पण पूल नसेल तर वळसा दिवसभराचा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा ठिकाणी माणसे आणि मोटारी दोन्ही नेणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या. लहान खाड्यांवर कुठे पूल, कुठे होडी. यांत फेरफार होत असतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी त्या गावच्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला दूरध्वनी करून विचारावे. खाडी पोहून किंवा चालून ओलांडण्याचा विचारही मनात आणू नये. काठाच्या खाजणात, म्हणजे तिवरांच्या दलदलीत, मांडीपर्यंत पाय रुततो.

परदेशात काय करतात तेही पाहा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात किनाऱ्याने जाणारी १,००० किलोमीटरहून लांब पायवाट आहे. जागोजाग खुणेचे खांब. तरीही त्याच देशात मोरकंब उपसागराची वाळू ओहोटीत ओलांडायची असेल तर स्थानिक वाटाड्यासोबत जातात, आणि त्या वाटाड्याची नेमणूक राजाच्या नावाने होते. नकाशे-खांब असलेली माणसे जर स्थानिकाचा हात धरतात, तर आपण का लाजावे?

चौथी गोष्ट, पाय आणि शरीर. दसऱ्याला सुरुवात करा, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत दोन महिने मिळतात. पहिले दोन आठवडे एकाआड एक दिवस पाच किलोमीटर. मग रविवारी दहा. मग पाठीवर पिशवी घेऊन. शेवटी दोन दिवस लागोपाठ, कारण दुसऱ्या दिवशी दुखरे पाय घेऊन चालणे हीच खरी परीक्षा. लातूरकरांनी औशापर्यंत जावे, भुईकोट पाहावा, मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी पायी परतावे. नांदेडकरांनी गोदावरीच्या वाळूत सराव करावा. रानाची सवय व्हावी म्हणून वन खात्याची परवानगी घेऊन किनवट-माहूरच्या जंगलात एक दिवस काढावा. या सरावात ज्याचे गुडघे कुरकुरतात, ज्याला दम लागतो, त्याला तिथेच प्रेमाने थांबवावे. ते औशाच्या रस्त्यावर कळले तर एस. टी. आहे, कड्याखाली कळून उपयोग नाही.

जोडे नवे कोरे नकोत. महिनाभर आधी घेऊन वापरलेले असावेत, आणि पायमोजे घालून बोटांना थोडी मोकळीक राहील असे. वाळू आत गेली की लगेच थांबून झटकावी. “पुढच्या गावात बघू” म्हटले की तेवढ्यात फोड येतो. रात्री पाय धुऊन, कोरडे करून खोबरेल लावावे. चालताना पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू धरावी. पण तिथे किनारा उतरता असतो. एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा दुखू लागतो. म्हणून अधूनमधून वर येऊन सपाटीवर चालावे.

पाचवी, पाठीवरचे ओझे. स्वतःच्या वजनाच्या सातव्या भागाहून अधिक नको. दोन जोड कपडे, एक पातळ चादर, टोपी, विजेरी, शिट्टी, दहा मीटर दोरी, औषधाची डबी, आणि भ्रमणध्वनी प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या पहिल्या खेपेला एका मुलाने तीन पुस्तके आणि इस्त्रीचे कपडे आणले होते! निघण्यापूर्वी सर्वांच्या पिशव्या शाळेच्या ओट्यावर उपसाव्यात आणि निम्मे सामान घरी पाठवावे.

शिदोरीत मात्र आपण मराठवाड्याची माणसे कोणाला हार जाणार नाही. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे आणि दशम्या. दुपारचे जेवण आपल्या शिदोरीतले, रात्रीचे मुक्कामाच्या घरी आधी सांगून ठेवलेले.

पाणी माणशी तीन ते चार लिटर, आणि जिथे गोडे पाणी मिळेल तिथे भरून घ्यायचे. पुढचे गाव जवळ आहे म्हणून बाटली रिकामी ठेवू नये. जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा, बरं का.

सहावी गोष्ट, रानाची वाट. किनारा सलग वाळूचा नसतो. दोन पुळणींच्या मध्ये, म्हणजे दोन वाळूच्या पट्ट्यांच्या मध्ये, डोंगराचा फाटा समुद्रात घुसलेला असतो. तिथे पाखाडी चढून वर सड्यावर यायचे. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आणि सडा म्हणजे जांभ्या कातळाचे माळरान. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, आणि गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटलेल्या. पुन्हा उतरताना झाडी दाट, ओढ्यावर लाकडी साकव. या सड्यावर फुरसे पुष्कळ. ते लहानसे, दगडाच्या रंगाचे, दगडाखाली दडून बसते. दगड उचलू नये, खड्ड्यात हात घालू नये, अंधारात विजेरीवाचून चालू नये. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, अवयव हलू देऊ नये आणि लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशी रुग्णालये कोणत्या गावी आहेत, याची यादी घरून निघतानाच खिशात हवी.

आणि सातवी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिस्त. ती दिंडीकडून उचला. सर्वांत पुढे एक जाणता, सर्वांत मागे एक जाणता. मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. दर तासाला मोजदाद. गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची. आणि समुद्रात आंघोळ नाही! इथे मी कठोर बोलतो, कारण १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या जंजिऱ्याजवळच्या मुरूडला सहलीला आलेल्या पुण्याच्या महाविद्यालयातील चौदा विद्यार्थी बुडून मेले. विहिरीत पोहणाऱ्या आपल्या मुलांना वाटते, पाणी ते पाणीच. पण विहिरीचे पाणी ओढून नेत नाही. ओहोटीच्या समुद्राला ओढ असते.

शाळेची सहल असेल तर शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घ्यावीच. पण संमतिपत्रावर नुसती सही घेऊ नका. पालकांना बसवून रोजचा कागद दाखवा: कोणत्या दिवशी कोणते गाव, भरती किती वाजता, खाडी कोणती, रुग्णालय कुठे, वाट सोडावी लागली तर एस. टी. कुठे मिळेल. त्या कागदाची एक प्रत पालकांकडे, एक मुख्याध्यापकांकडे. संध्याकाळी मुक्कामी पोचलो की गावी निरोप.

आता मी ज्या दापोलीच्या मुरूडचे नाव मघाशी घेतले, तिथली एक हकीकत सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे या मुरूडचे. १८७५ साली, सतरा वर्षांच्या वयात, त्यांना सहावीच्या सरकारी परीक्षेला साताऱ्याला जायचे होते. सुमारे ११० मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचे रान, आणि पाऊस. ते पायी गेले, वेळेवर पोचले. आणि तिथे त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. कारण वयाच्या मानाने ते लहान दिसत होते! परत यावे लागले. पुढे ते परीक्षा पास झाले, आणि त्यांचे पुढचे आयुष्य आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्या मुलाजवळ ना नकाशा होता, ना विजेरी. तरी एका जाणत्या आईबापाने त्याला त्या वाटेला सोडले, याचे मला नवल वाटते. मुरूडच्या वाळूत बसून ही हकीकत सांगितली तेव्हा आमची मुले बराच वेळ गप्प होती. एकाने विचारले, “सर, परत येताना ते काय विचार करत आले असतील?” हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नसता.

म्हणूनच, श्रोते हो, एवढ्या अडचणी सांगूनही मी म्हणतो की जा. भीती घालण्यासाठी मी हे बोललो नाही. पंधरा दिवस बाकांवर शिकवून जे होत नाही ते सात दिवसांत झालेले मी पाहिले. खारे पाणी बोटाने चाखून तोंड वाकडे करणारा मुलगा पाहिला. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तो पाहून आपल्या मोंढ्यातल्या लिलावाशी त्याचा ताळा घालणारी मुले पाहिली.

दुसऱ्या खेपेची गोष्ट सांगून थांबतो. आम्ही जाणार असे कळले तेव्हा ज्याचा घोटा मोडला होता तो मुलगा पुन्हा नाव घेऊन आला. मी म्हटले, “आधी घरी विचार.” रविवारी वडील स्वतः आले. मी कागद पुढे ठेवला. ते वाचायला फार शिकलेले नाहीत. बोट ठेवून एकेक ओळ मुलाकडून वाचून घेतली. पंचमी, केळशी, पाणी उतरणार पावणेदहाला. षष्ठी, आंजर्ले, साडेदहाला. एकादशीपर्यंत सर्व ऐकले. मग विचारले, “ही येळ कुनी सांगितली?” मी म्हणालो, “पंचांगावरून काढली, कोष्टकाशी ताडून पाहिली, आणि तिथल्या कोळ्यांना फोन करून विचारली.” ते म्हणाले, “मंग न्या.”

आम्ही एकादशीला दुपारी चारच्या सुमारास गुहागरला पोचलो. तेराच्या तेरा. मुलांनी आधी व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि मग आपापल्या घरी फोन लावले.